नाव खालच्या अंगाला

आसगावात सत्यवतीची माडी म्हटलं की बाया आधी तिथल्या फळ्यांबद्दल बोलत. "आरसा कायले पाहिजे तुले, माडीत जाऊन खाली पाह्य," असं एकमेकींना म्हणत. आणि ते फारसं खोटं नव्हतं. धान निघाल्यावर बांधीत, भाताच्या खाचरात, टाकलेलं जवस फाल्गुनात हाती आलं की सत्यवती ते घाणीवर नेई आणि तेल काढून आणी. मग जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं ती माडीच्या सागवनी फळ्या चोळत बसे. गुडघ्यांवर बसून, खिडकीपासून दाराकडे मागेमागे सरकत. घरात जवसाची चटणी सगळ्यांना आवडे. तिच्या धाकट्या भावाचा, कैलाशचा तर त्या चटणीवर जीव. पण चटणीसाठी सत्यवती मूठ सैल सोडत नसे.

"चटणी उद्या विसरशीन तू," ती म्हणे, "फळ्या वर्षभर पायाखाली राहतेत."

त्या फळ्या म्हणजे तिचा पलंग होता. पलंग, कपाट आणि आरशाचं टेबल.

तिच्या लग्नात तिच्या बापानं, सोमाजींनी, बांधावरची सागाची झाडं तोडून आंदण करून दिलं होतं. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर दोन मोर आणि मधे तिचं नाव कोरलेलं. लग्न फार टिकलं नाही. नवऱ्याचं मन लागत नाही, एवढंच कारण सांगितलं गेलं. भर दुपारी एक ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला सत्यवती, मागे सगळं आंदण. सामान परत आलं की बोलणं संपतं, असा तिकडचा रिवाज. हंडे उतरवताना शेजारच्या बाया ओट्यावर उभ्या राहून पाहत होत्या, आणि कोणी पुढे होऊन हात लावत नव्हतं.

हंडे घरात गेले. पलंग अंगणातच ताडपत्रीखाली पडून राहिला. टाकलेल्या बाईच्या पलंगावर घरचं कोणी झोपणार नव्हतं. एकदोघं विकत घ्यायला आले, पण डोक्याकडचं नाव वाचून "पाहतो, सांगतो" म्हणत निघून गेले. पावसाळा तोंडावर आला तसा कैलाश म्हणाला, "मोडून माडीले लावू. तिथले बांबू सडलेच हायेत. चांगलं सागवन वाया कायले घालवायचं?"

मुलगी परत आल्यापासून सोमाजी बोलतच नव्हते.

सुतार आला. कपाटाच्या, पलंगाच्या फळ्या सुट्या केल्या. मोर उथळ होते, ते रंध्याखाली गेले. नाव दोन सूत खोल होतं, ते राहिलं. सत्यवती खिळे हातात घेऊन उभी होती. सुतारानं विचारलं, "नाव वर ठेवू का खाली?"

"खाली," कैलाश म्हणाला.

बस, एवढंच. पण सत्यवतीनं तो शब्द उचलून पदराच्या गाठीत बांधावा तसा ठेवला. अक्षरांना पाय लागला तर हात लावून डोळ्याला लावायचा, असं शिकवलेलं घर ते. सगळ्या गावानं तिचं नाव तुडवलं होतं, आणि विशीतल्या या पोराला एवढं सुचलं, की बहिणीच्या नावावर कोणाचा पाय पडू नये. ती माडीवर राहायला गेली, आणि त्या फळ्यांसारखीच तिथे बसली ती बसलीच.

पुढे करडी गावचा एक बिजवर आला. शांत माणूस, एक लहान मुलगी, घरचं शेत. सोमाजी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी बोलले. "पाह्य बाई, तुह्यं मन असन त," म्हणाले. सत्यवतीनं नाही म्हटलं. कैलाशचं लग्न व्हायचं होतं. माय नव्हती, घर कोण पाहणार?

मग सोमाजी गेले, रीता सून म्हणून घरात आली. रीताची बाळंतपणं सत्यवतीनं काढली. रीताच्या मुलाला, अनुपला, तिनंच न्हाऊ-माखू घातलं. रोवणीला चिखलात ती, चुलीपुढे ती, पाहुणे आले की मागच्या दारी भांड्यांपुढेही ती. पवनीला अंगणवाडीत मदतनीस घेत होते तेव्हा शेजारच्या रुखमिणीनं तिला चांगलं खडसावलं.

"कायले भावाच्या घरी मरमर करतं वो? तुह्या हातात चार पैसे नको का?"

"माह्या भावानं माह्यं नाव कोणाच्या पायाखाली येऊ देल्लं नाही," सत्यवती म्हणाली.

रुखमिणीनं कपाळाला हात लावला. "नाव पायाखाली नाही आलं. बाकी तूच आली."

सत्यवती हसली. तिला वाटलं, हिला काय कळतं.

औंदा अनुपचं लग्न ठरलं. मुलगी भंडाऱ्याची, उर्वशी. अनुप नागपूरला एका कंपनीत होता, आणि त्यानं साहेबाच्या फ्लॅटमधली लाकडी फरशी पाहिली होती.

"बाबा, लोकं लाकडाचा नुसता पातळ पापुद्रा चिकटवतात अन् मिरवतात. आपल्याकडं अस्सल सागवन पडून हाय. घासून पॉलिश केलं की पाहतच राहतीन."

"पडून हाय" हे सत्यवतीनं भाकरी थापताना ऐकलं. ती त्यावर रोज झोपत होती.

संध्याकाळी रीता तिच्याजवळ येऊन बसली. रीता अशी जवळ येऊन बसली की काहीतरी हलवायचं असतं, हे सत्यवतीला ठाऊक होतं.

"बाई, लग्नापुरत्या तुम्ही खाली धानाच्या खोलीत झोपा ना. पोरांले वरची खोली देऊ."

"अन् लग्न झाल्यावर?"

"पाहू ना मंग. तुम्ही काय परक्या हाये का?"

सत्यवतीनं ट्रंक खाली आणली. धानाच्या पोत्यांमधे खाट बसेना म्हणून पोत्यांच्या कडेला चटई टाकली. एकदा पॉलिश झालं, लग्न झालं, पोरं नागपूरला गेली की आपण पुन्हा वर, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

फळ्यांच्या कामाला लाखांदूरकडचा भूपेंद्र आला. नागपूरच्या फ्लॅटांमधून लाकडी फरशीचीच कामं करणारा, बोलका माणूस. माडीत शिरल्याबरोबर तो उकिडवा बसला आणि फळीवर नख ओढलं. नखात काळपट तेल आलं.

"मावशी, लाकडाले तेल पाजलं का लेकराले दूध?"

"लेकराले पाजलं असतं त आतापर्यंत विचारलं असतं त्यानं, माय, तू जेवली का म्हणून," सत्यवती म्हणाली. भूपेंद्र मोठ्यानं हसला. दारात उभी असलेली रीता हसली नाही.

त्यानं सांगितलं ते असं : वरची बाजू तेलानं काळी झाली आहे, चालण्याच्या वाटेवर झिजून खोलगट झाली आहे. एवढं घासलं तर फळी पातळ होईल. त्यापेक्षा फळ्या उचलायच्या आणि उलटून बसवायच्या. खालची बाजू कोरी आहे. मग मशीन फिरवायची आणि पॉलिश.

सत्यवतीचा हात झाडूवर थांबला. कोणती फळी कुठे आहे हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. खिडकीपासून दाराकडे तिनं इतकी वर्षं त्याच रांगेनं चोळलं होतं. नाव असलेली दाराजवळची फळी येईपर्यंत ती नुसती पाहत राहिली.

भूपेंद्रनं पहारीनं ती उचलली, पालथी केली, हातानं माती पुसली.

"सत्यवती," त्यानं वाचलं. "कोण हो ही?"

घरात तिला सगळे बाई म्हणत, त्यामुळे त्याला कळायचं कारण नव्हतं. रीता चहा घेऊन वर आली होती. तिनं कप खाली ठेवला.

"कोणी नाही. जुनं लाकूड होतं कोणाचं तरी."

सत्यवती तिथेच होती, तिच्यापासून दोन हातांवर. ती पुढे झाली आणि फळीवर उभी राहिली. नावावर नाही, नावाच्या बाजूला.

"ही फळी उलटवू नको बाबा. जशी होती तशीच लाव. नाव खाली कर."

"मावशी, मंग ही एकटीच काळी दिसन ना सगळ्यांत."

"दिसू दे."

भूपेंद्रनं रीताकडे पाहिलं. रीतानं जिन्यातून हाक मारली, आणि कैलाश वर आला. त्याच्या पायाला अजून बांधीचा चिखल होता.

"बाई, एका फळीसाठी कायले अडून बसली?"

"तुनंच त खाली करवली होती गा," सत्यवती म्हणाली. तिचा आवाज थोडा लाडाचाच होता, धाकट्या भावाला आठवण करून देताना असावा तसा. "कोणाचा पाय लागू नये म्हणून. अन् आता वर करून मशीन फिरवतं का त्याच्यावर?"

कैलाशला खरोखर कळलं नाही. "कायचा पाय?"

"नावाले."

"अवो, पाय कायचा वो!" तो म्हणाला. "माह्यं लग्न जमवाचं होतं तवा. पोरगीवाले घर पाहाले येतीन, माडीवर चढतीन, नाव वाचून विचारतीन, कोण, काय. टाकलेली बहीण घरात हाय म्हणून सोयरीक मोडली असती. म्हणून म्हटलं खाली कर."

त्यात राग नव्हता. कोणी विळा कुठे ठेवला ते सांगावं, तसं त्यानं सांगितलं.

"पाहा, तवापासून हुशार हायेत हे," रीता म्हणाली.

सत्यवतीनं पायाखालच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् करडीवाला आला होता तवा? मी तुह्यासाठी नाही म्हटलं त्याले."

"माह्यासाठी?" कैलाश गोंधळून म्हणाला. "तू तुह्या मनानं नाही म्हटलं बाई. आम्ही त लावूनच देऊन राहिलो होतो. बाबा किती दिवस म्हणत राहिले, गेली असती त सुटली असती."

कोण सुटलं असतं, हे तिनं विचारलं नाही. ती फळीवरून उतरली.

"फिरव बाबा मशीन," ती म्हणाली.

मशीन फिरली. पिवळा भुसा सगळ्या माडीभर उडाला, तिच्या केसांत बसला. नाव दोन सूत खोल होतं, ते पूर्ण गेलं नाही. सवयीनं ती झाडायला लागली तसा भूपेंद्र ओरडला, "मावशी, भुसा फेकू नका, मले लागते." त्यानं त्याच भुशात डिंक कालवून लांबी, म्हणजे भरायचा लगदा, केली आणि फटींमधे, खिळ्यांच्या भोकांमधे भरत गेला. दाराजवळ आल्यावर त्यानं एकेक अक्षर भरलं आणि पात्यानं सपाट केलं. लांबीची वाटी सत्यवतीनं धरली होती.

पॉलिश चढलं आणि माडी उजळली. सगळे पाहायला वर आले. अनुपनं फोटो काढले. दाराजवळ येऊन तो थांबला. भरलेल्या अक्षरांनी पॉलिशखाली रंग बदलला होता. उजळ सागवनावर नाव काळं, ठळक उमटलं होतं, कोरलेलं होतं त्याहून स्पष्ट.

"खाली झिरपलेलं तेल हाय ते," भूपेंद्र म्हणाला. "लांबी अन् तेल, दोघांचं जमत नाही. पुन्हा करायचं त सगळं पॉलिश काढा लागन."

लग्न जवळ आलं होतं. "पलंग ठेवू तिथं," रीता म्हणाली.

उर्वशीचं आंदण टेम्पोतून आलं. पलंग दुकानातला, भुशाच्या फळ्यांचा, वर चकचकीत कागद. तो दाराजवळ लावला. मग उर्वशीचे वडील म्हणाले, डोकं दक्षिणेला पाहिजे. पलंग फिरवला. नाव नेमकं पायथ्याशी उघडं राहिलं, सकाळी उठून पहिला पाय टेकतो तिथे.

लग्नानंतर काही दिवसांनी सत्यवती चहा घेऊन वर गेली, तेव्हा उर्वशी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती.

"आत्याबाई, हे कोणाचं नाव आहे हो? यांच्या मम्मी म्हणतात माहीत नाही."

"माह्यं."

"तुमचं?" ती गडबडली. "म्हणजे ही खोली तुमची होती?"

"खोली नाही," सत्यवती म्हणाली. "पलंग."

आणि चहाचा कप ठेवून ती खाली आली.

उर्वशी अनुपला म्हणाली, त्या नावावर पाय ठेवताना कसंसंच होतं. कसंसंच म्हणजे काय, हे कोणी तिला विचारलं नाही. पुढच्या बाजाराला रीतानं भंडाऱ्याहून फरशीवर अंथरायचं प्लास्टिक आणलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरेल असं. त्यावर लाकूड छापलेलं होतं. फळ्या, रेषा, गाठी, सगळं. गुंडाळी जड होती. एक टोक अनुपनं धरलं आणि दुसरं सत्यवतीनं, आणि दोघांनी ती जिन्यानं वर चढवली. सागवनावर ती अंथरली गेली, कडा चिकटवल्या गेल्या. "आता झालं पुसापुसीचं काम सोपं," रीता म्हणाली. "बाई, आता तुम्हाले तेलाची कटकट नाही."

पोरं नागपूरला गेली. माडीला कुलूप लागलं, किल्ली रीताच्या कमरेला. धानाच्या खोलीतली पोती विकली गेल्यावर सत्यवतीला खाट टाकण्यापुरती जागा झाली, आणि पुन्हा वर जाण्याबद्दल कोणी "पाहू ना मंग"सुद्धा म्हणालं नाही.

फाल्गुनात जवस निघालं. कैलाशनं पोतं आणून तिच्या दारात टेकवलं. "घाणीवर कधी नेतं, बाई?"

"नाही नेत औंदा."

तिनं जवस भाजलं. घरभर वास सुटला. लसूण, तिखट, मीठ घालून उखळात कांडलं, मोठी बरणी काठोकाठ भरली. दुपारी कैलाश जेवायला बसला, तेव्हा तिनं त्याच्या ताटात चटणीचा ढीग वाढला.

त्यानं भातात कालवून घास घेतला. "वा! औंदा मन भरून केली वो बाई. नाहीतर तू त चिमटीनं वाढत होती."

"तुह्याच वाट्याची होती," सत्यवती म्हणाली. "इतकी वर्षं उगाच फळ्यांले चोळली. घे आणखी."

कैलाशनं ताट पुढे केलं.