अण्णा हरला त्या पावसाळ्यात

बाईमाणसाने लढाया खेळू नयेत असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही, कारण खेळायला दुसरं कुणी नव्हतंच. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, एक शत्रू हवा होता. आणि गुंदसारख्या जंगलातल्या गावात शत्रू मिळणंही सोपं नाही. घरं लांब लांब, माणसं मोजकी, तीही दिवसभर भाताच्या खाचरात नाहीतर सुपारीच्या बागेत वाकलेली. तेव्हा शत्रू मी. लग्न करून रामनगरला आले, दोन पोरांची आई झाले, रस्त्याकडेला ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं, तरी ते पद काही माझ्याकडून सुटलं नाही.

खेळ विकतचा नव्हता. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलाथोरला फ्लेक्स उतरवला तेव्हा अण्णाने तो मागून आणला, उलटा पसरला आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने अख्खी दख्खन काढली. सगळीकडे सहा कोनांची घरं. त्यांतून कृष्णा, भीमा, मलप्रभा, घाट आणि किल्ले. चिंचोके म्हणजे घोडदळ, काजूच्या बिया म्हणजे पायदळ, सोड्याच्या बाटल्यांची बुचं म्हणजे तोफा. जय-पराजय फाशांवर, पण नुसत्या फाशांवर नाही. रसद पाहिजे, वैरण पाहिजे, नदीला उतार पाहिजे. खानापूरच्या वाचनालयातून पुस्तकं आणून त्याने हे सगळे नियम बसवले होते आणि त्यांतला एकही तो मोडू देत नसे. आमचा जोयड्याचा मुलूख त्याने नकाशावर नुसता हिरवा रंगवला होता. तिथे सैन्य शिरू शकत नाही, असा नियम. पुढे बेंगळुरूच्या पाहुण्यांना तो नियम लागू नाही असं निघालं, पण ते नंतरचं.

तो स्वराज्य, मी विजापूर. कायम. एकदा मी म्हटलं, आलटून पालटून घेऊ या की. तर म्हणाला, "मग माझा जीव न्हाई लागत खेळात." माझा जीव विजापुरात लागतो की नाही हे विचारायची गरज त्याला कधी वाटली नाही. सासर जसं दिलं तसं घेतलं, तसंच विजापूरही घेतलं.

गाण्याचं वेडही त्याचंच. मुकाट्याने चिंचोके सरकवणं म्हणजे सोंगट्या खेळणं, असं तो म्हणायचा. त्या काळात शिरायचं तर कानाने शिरावं लागतं. सिनेमातलं काही चालायचं नाही. कीबोर्डचा आवाज आला की तो तोंड वाकडं करायचा. त्याच्या पाळीला तुतारी, शिंग, संबळ आणि एका शाहिराचा खडा आवाज. गुंदला फोनची रेंज झाडावर चढून शोधावी लागते, म्हणून हे सगळं रामनगरला उतरवून पेनड्राइव्हवर घेऊन जायचं काम माझं. म्हणजे शत्रूने स्वतःच्या हाताने त्याची रणवाद्यं पोहोचवायची. माझ्या पाळीला मात्र सुरुवातीला काहीच नसायचं. विजापूरवाले जणू मुके होते.

मग मीच शोधलं. दुकानात मशीन चालवताना कानात घालून ऐकत बसायचे. विजापूरच्या एका सुलतानाला गाण्याचं भारी वेड होतं असं वाचलं आणि माझा ऊर उगाच भरून आला. नौबतीचे नगारे मिळाले, सनई मिळाली आणि एक संथ धृपद मिळालं, पखवाजावरचं. खरं सांगायचं तर त्या काळचं म्हणून जे विकतात ते आजच्याच कुणीतरी स्टुडिओत बसून वाजवलेलं असतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आवाज कुणी डब्यात भरून ठेवलेला नाही. मी हे म्हटलं की अण्णा चिडायचा. पण मी ते धृपद लावलं तेव्हा त्याला हसू आवरेना.

"ह्या गाण्यावर तुझी घोडी झोपतील की गं!"

"झोपू देत. तुझी दमून मरतील."

आतून, चुलीपाशी बसलेल्या आईचा आवाज आला, "ते ऱ्हाऊ दे रं. ते बरं वाटतंय कानाला." तेव्हापासून विजापूरला धृपद मिळालं. आईचं माप पडलं माझ्या पारड्यात, बहुधा पहिल्यांदाच.

या गाण्यांचा आमच्या खेळात एक नियम झाला. ज्याची पाळी त्याचं गाणं, आणि गाणं संपलं की पाळी संपली. माझं झटपट व्हायचं. अण्णा मात्र तुतारी पार विरेपर्यंत चिंचोक्याला हात लावायचा नाही. नुसता बघत राहायचा. शाहिराने शेवटची ललकारी दिली की मग एकदम हात पुढे, आणि माझी निम्मी फौज उचललेली. आई पटाकडे कधी फिरकली नाही, पण तिला आतून सगळं कळायचं. तुतारी लांबली की म्हणायची, "आता तुझं काय खरं न्हाई बाये." आणि खरंच नसायचं. इतक्या वर्षांत मी एकदाही जिंकले नव्हते. एकदा बरोबरी झाली, तर अण्णा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

आणखी एक नियम सांगायला हवा. दसऱ्याआधी लढाई नाही. पावसाळ्यात फौजा छावणीत बसायच्या, नद्यांना उतार नसायचा, घोड्यांचे खूर चिखलात कुजायचे. सोनं लुटून सीमोल्लंघन करायचं आणि मगच मुलूखगिरी. म्हणून फ्लेक्सची गुंडाळी दसऱ्यापर्यंत माळ्यावर. चवथीला मी माहेरी गेले आणि हट्ट केला तरी तो खाली काढायचा नाही. "तुला खेळ पायजे का इतिहास?" असं विचारायचा, जणू मी त्याच्याकडे इतिहासाची परीक्षा द्यायला आले होते.

आणि त्या वर्षी ऐन श्रावणात त्याचा फोन. झाडावर चढून केलेला असणार, वारा ऐकू येत होता.

"काय करुलालीस? रविवारी ये की. पट मांडूया."

"आता? पावसात?"

"येगं. लई दिस झालं."

मला तेव्हाच चमकायला हवं होतं. पण भावाने बोलावलं की बहिणीची अक्कल गहाण पडते. आमचे हे म्हणाले, "श्रावणात लढाई? तुझा अण्णा आजारी बिजारी न्हाई न्हवं?" मी त्यांच्यावरच खेकसले. जोयडामार्गे बस बदलत, भिजत, पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गुंदला गेले.

घराच्या पुढच्या बाजूला नवी कौलं चढली होती. जुन्या गोठ्याच्या जागी दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या, बाहेर बांबूचे कंदील. होमस्टे. आमच्या तालुक्यात आता ज्याच्या घराला ओसरी आहे तो होमस्टे काढतो. नदीत बोटीतून उसळ्या मारायला आणि धनेश पक्षी बघायला शहरातून लोक येतात, त्यांना शेणाने सारवलेली जमीन लागते आणि तिला लागून टाइल्सची न्हाणीही लागते. वहिनी मला खोल्या दाखवत होती. आईच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "ही सगळ्यात चांगली, नदीकडं तोंड हाय." मी म्हटलं, हो, आई म्हणूनच ती सोडत नाही. वहिनी हसली आणि पडदा सारखा करायला लागली.

पट मांडला. डबा स्पीकर सुरू झाला. अण्णाची तुतारी वाजली आणि ती अर्ध्यावर आली नाही तोच त्याने घोडदळ कृष्णेपार हाकललं. रसद मागेच. भर पावसाळ्याच्या महिन्यात, उतार नसलेल्या ठिकाणी. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो कपातला चहा ढवळत होता. साखर कधीच विरघळली असेल.

मला काय, मी तुटून पडले. धृपद चालू होतं आणि मी पहिल्यांदा ते सबंध ऐकलं, एक एक बी सावकाश पुढे सरकवत. त्याच्या दुसऱ्या पाळीलाही तेच. शाहीर अजून सरदारांची नावं घेत होता आणि इकडे हा हात झटकून मोकळा. मी त्याचे चिंचोके उचलत गेले. तिसऱ्या पाळीला त्याचा शेवटचा किल्ला पडला. मी पोरासारखी टाळ्या पिटत उठले. आईला हाक मारली, "आई, विजापूर जिंकलं!" यांना फोन लावायला त्याच पावसात अंगणातल्या फणसाखाली गेले, रेंज मिळेना तरी पुन्हा पुन्हा लावत राहिले. माझ्या आनंदाची मला आजही शिसारी येते.

आई आतून एवढंच म्हणाली, "आज लवकर आटपलं?"

अण्णा फ्लेक्सची गुंडाळी करत होता. खाली बघूनच बोलला. "आईला थोडं दिस तुझ्याकडं घिऊन जा. रामनगरात डॉक्टर जवळ हाय. हितं पावसात तिला चढ-उतार झेपत न्हाई." मग गुंडाळीला दोरी बांधत, "त्या खोलीचं पन काम काढायचं हाय. दसऱ्यापास्नं पावणं सुरू हुत्यात."

थोडे दिवस. किती, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आईची बोचकी वहिनीने आधीच बांधून दाराआड ठेवली होती. म्हणजे मी बसमध्ये पेनड्राइव्ह छातीशी धरून बसले होते तेव्हाच निकाल लागलेला होता. लहानपणापासून मला एकदाही न जिंकू देणारा माणूस त्या दिवशी मला खूश करून, माझं तोंड गोड करून पाठवत होता. मोबदला म्हणून विजापूर. मला त्या क्षणी त्याचा सगळा पट चुलीत घालावासा वाटला. पण आई पदर खोचून बाहेर आली होती आणि म्हणत होती, "चल, चारची बस चुकंल." मी बोचकी उचलली.

आमच्याकडे आई लेकीच्या दारात राहत नाही. मुलगा असताना तर नाहीच. येते ती बाळंतपणाला, आजारपणाला, आणि काम झालं की जाते. माझ्या घरात ती अजून पाहुणीसारखी आहे. कपाट रिकामं करून दिलं, तिने त्यात काही ठेवलं नाही. बोचकी खाटेखालीच. सगळ्यांचं जेवण झाल्यावर मागच्या दारी ताट घेऊन बसते. दिवसभर माझ्या ब्लाउजांना हुकं लावते, नको म्हटलं तर जास्तच लावते. आणि शेजारच्या बायकांनी विचारलं की सांगते, "लेकीला बरं न्हाई, म्हणून आलोया." बाजारात बायका माझा हात धरून विचारतात, आता कसं वाटतंय गं? मी सांगते, बरं वाटतंय. दोन दसरे गेले, माझं दुखणं अजून उतरलेलं नाही.

खोलीत पाहुणे येतात. अण्णा संध्याकाळी त्यांच्यापुढे पट मांडतो, तुतारी लावतो, त्यांना ते फार आवडतं, असं वहिनीच फोनवर सांगत होती. विजापूर कोण खेळतं, ते मी विचारलं नाही. आईला त्या दिवशीचं काय कळलं होतं, तेही मी कधी विचारलं नाही. धृपद मात्र ती अधूनमधून लावायला सांगते आणि हुकं लावत ऐकते.

परवा अण्णाचा फोन आला. आवाज मोकळा होता, जणू काही झालंच नाही.

"दसऱ्याला येतोय तिकडं. पट घिऊनच येतो. आईलाबी बघून हुईल."

मी फोन आईकडे दिला. तिने तो कानाला लावण्याआधी पदराला पुसला. तिचा चेहरा इतका उजळला की मला तिचाच राग आला.

"ये बाबा," ती म्हणाली. "सुनंला, पोरास्नी घिऊन ये." मग थोडा वेळ नुसतं ऐकत राहिली. अण्णा काहीतरी खेळाबद्दल सांगत असावा, कारण ती हसली.

"ये," ती पुन्हा म्हणाली. "पन ह्या बारीला हरू नगो रं."