हिरोच्या पाठीमागचे पाव्हणे

आमच्या धाकट्या दिरांनी आजवर एकाही सिनेमातला हिरो पाहिलेला नाही, हे मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. सिनेमे मात्र त्यांच्याइतके आख्ख्या सोनईत कुणी पाहिले नसतील. टीव्हीवर पाहतात, मोबाईलवर पाहतात, नगरला सामान आणायला गेले की टेम्पो बाहेर लावून थेटरात जाऊन बसतात. पण त्यांना विचारा, "भाऊजी, हिरो कोण होता?" की ते डोकं खाजवायला लागतात. "हुता की एक. गोरासा. सारखा मधी मधी येत हुता." एवढंच. आणि त्याच सिनेमात भाजीबाजाराच्या प्रसंगात मागे कोथिंबिरीच्या जुड्या लावत बसलेली बाई कशी होती ते विचारलं, तर अर्धा तास सांगतील. ती जुड्या उलट्या लावत होती, म्हणजे तिनं जन्मात कोथिंबीर विकलेली नाही, पण चेहरा कष्टाळू होता आणि पुढच्या वेळी बरं काम करील, इथपर्यंत.

त्यांचा धंदा मंडपाचा. मंडप, खुर्च्या, भांडी, लाऊडस्पीकर. आयुष्यभर जो माणूस लग्न कनातीच्या फटीतून बघत आला, त्याला नवरा-नवरी दिसतच नाहीत असं माझं मत आहे. कुठली खुर्ची डुगडुगतेय आणि कोण अजून जेवलेला नाही, एवढंच दिसतं. माझ्या मुलीच्या लग्नात सगळं घर स्टेजवर फोटोला उभं असताना हे गृहस्थ ताट वाढून घेऊन पार्किंगकडे निघालेले. वरपक्षाच्या जीपचा ड्रायव्हर सकाळपासून उपाशी आहे, हे फक्त यांच्या लक्षात आलं होतं. त्यामुळे त्या फोटोत भाऊजी नाहीत. माझी जाऊ म्हणते, "आमच्या लग्नाचा अल्बम ह्यांच्यापुढं धरला, तर हे माझ्या मागच्या केळीच्या खांबाकडं बघत्यात आनि म्हनत्यात, खांब वाकडा रोवलाय."

सिनेमाबद्दलची त्यांची मतंही याच फटीतून आलेली. हिरोबद्दल त्यांना राग नाही, पण कौतुकही नाही. "त्याला काय काम असतं, वहिनी? तो चालाया लागला की सगळी रस्ता सोडत्यात. रस्ता सोडनाऱ्याला काम असतं." व्हिलनच्या हाताखाली मार खायला येणाऱ्या माणसांविषयी मात्र ते फार आदरानं बोलतात. एकानं मार खाऊन पडल्याशिवाय दुसरा पुढे येत नाही, ही शिस्त आपल्याकडे पंगतीलासुद्धा नाही, असं त्यांचं म्हणणं. सिनेमातली लग्नं त्यांना सहन होत नाहीत. "अक्षता पडल्या, नाच झाला, नवरी गेली. एकाच्या हातात जेवनाचं ताट न्हाई! येवढी मानसं उपाशी घालवली." नाचाच्या गाण्यात ते नाचणाऱ्यांच्या मागच्या रांगेवर नजर ठेवून असतात. एकदा म्हणाले, "ती पिवळ्या साडीतली बघा. ह्या कडव्यात तिला ताप हाय." गाणं पुन्हा लागलं तेव्हा मी मुद्दाम पाहिलं. ताप होता की नाही देव जाणे, पण ती पोरगी खरोखर बाकीच्यांपेक्षा अर्धं पाऊल मागे होती.

या मागच्या माणसांची बढती-बदली ते सरकारी खात्यासारखी ध्यानात ठेवतात. अमुक एक जण पूर्वी हवालदार असायचा, आता फौजदार झाला, "लायकीच हुती त्याची." दुसरा गुंडांच्या टोळीत होता, तो परवा कीर्तनात टाळ घेऊन उभा दिसला, तर भाऊजींना भरून आलं. "सुदारला बिचारा." आम्ही हसायचो. जाऊ कपाळाला हात लावायची.

पण या सगळ्या गोतावळ्यात त्यांचा जीव एका माणसावर होता. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून भाऊजी त्याला 'पाव्हणे' म्हणायचे. उंच, किडकिडीत, कानांवर केसांचे झुपके, चेहऱ्यावर नेहमी घरी कुलूप लावलं की नाही ते आठवत असल्यासारखा भाव. हा माणूस त्यांना पहिल्यांदा दिसला तो एका हॉटेलातल्या मारामारीत. हिरो आत शिरतो, टेबलं उलटी करतो, चहा पिणारी माणसं कप फेकून पळत सुटतात. त्यातला हा एकटा माणूस कप बशीत नीट ठेवतो आणि मग पळतो. भांडी भाड्यानं देणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? भाऊजी त्या दिवसापासून त्याचे झाले. मग तो कुठे कोर्टात मागच्या बाकावर, कुठे रेल्वेच्या फलाटावर पेपर वाचताना, कुठे अंत्ययात्रेत दिसायचा, आणि भाऊजी टीव्हीपुढून ओरडायचे, "पाव्हणे आले!" लग्न होऊन आलेल्या पहिल्या वर्षी माझ्या जावेनं ते ऐकून दोनदा चहाचं आधण ठेवलेलं आहे.

कोरोनाची साथ आली आणि गेली. नवे सिनेमे लागायला लागले, लग्नं सुरू झाली, भाऊजींचे मंडप पुन्हा उभे राहिले. पाव्हणे मात्र दिसेनात.  भाऊजी नवा सिनेमा पाहून आले की जेवताना म्हणायचे, "ह्यातबी न्हाईत." गर्दीचा एकेक प्रसंग मोबाईलवर थांबवून थांबवून बघायचे. आमच्या घरातून त्या साथीत सासरे गेले होते, त्यामुळे "न्हाईत" या शब्दाचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सांगून टाकलं, "भाऊजी, वय झालेलं माणूस होतं. काय असेल ते असेल, एकदा मनाची तयारी करा." ते म्हणाले, "काय असंल ते कळाया तर पायजे. ह्यांच्या घरी कुनी फोन करून इचारलं बी नसंल, वहिनी. नावच कुनाला म्हाईत न्हाई." माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. न उगवलेल्या बियाण्याची तक्रार घेऊन येणारा माणूस जसा काउंटरला धरून उभा राहतो, तसे ते उभे होते. 

मागच्या उन्हाळ्यात पारनेरकडच्या एका माळावर शूटिंग आलं. कुणी मोठा हिरो आला होता, त्याच्यासाठी गावंच्या गावं लोटली. मला त्या बाजूला एका शेतकऱ्याची पिवळी पडलेली कांद्याची रोपं बघायला जायचं होतं, म्हणून मी भाऊजींच्या टेम्पोत बसले. माळावर पोचलो तर हिरोच्या गाडीभोवती ही झुंबड. भाऊजी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत. सरळ जेवणाच्या मंडपाकडे गेले. आधी मंडपाचा दोर ओढून पाहिला, "ढिला हाय" म्हणाले आणि मग आत नजर टाकून जागच्या जागी उभे राहिले. आत गर्दीतली माणसं जेवायला बसली होती. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं सगळे हिरो एकाच पंगतीत.

एक जाड चष्म्याच्या बाई वरण-भात कालवत होत्या. भाऊजींनी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडले. "बाई, तुमी त्या कोर्टाच्या शिनमध्ये तिसऱ्या बाकावर हुता. निकाल लागल्यावर तुमी पदर तोंडाला लावला. बाकीच्या बायांनी लावला त्याच्या आधी."

बाईंचा घास हातातच राहिला. "अहो, माझ्या सुनेनं नाही मला त्यात ओळखलं!" त्या म्हणाल्या. "आणि सांगितलं तर म्हणते कशी, आई, तुमच्यासारखा पदर होता खरा!"

झालं, भाऊजींची कळी खुलली. ते आणखी चार जणांना ओळखून बसले. कुणाला फलाटावरून, कुणाला वरातीतून. लोक ताटं घेऊन त्यांच्याभोवती सरकले. पण ज्यासाठी आले होते, ते काही ओठावर येईना. मंडपाच्या दोराबद्दल बोलले, उन्हाबद्दल बोलले, वरणात हिंग कमी आहे हेही सांगून झालं. घाबरले होते, दुसरं काय. मला परत जाऊन दुकान उघडायचं होतं. मी बाईंना वर्णन सांगितलं, कानांवरच्या झुपक्यांसकट, आणि सरळ विचारलं, "जिवंत आहेत का?"

"कोण, मास्तर?" बाई म्हणाल्या. "आहेत की! गुडघे गेलेत त्यांचे. दिवसदिवस उभं राहवत नाही, म्हणून काम सुटलं. कल्याणला असतात मुलीकडे. थांबा, लावते फोन."

भाऊजी खाली बसले. मंडपवाला असून खुर्ची जवळ आहे हे त्यांना दिसलं नाही, जमिनीवरच बसले.

इतक्या वर्षांत त्यांनी त्या माणसाचा आवाज ऐकला नव्हता. पडद्यावर त्याला कधी बोलायला दिलंच नव्हतं. उंचीवरून आम्ही भारदस्त आवाज धरून चाललो होतो. फोनमधून आला तो अगदी पातळ, सर्दी झालेल्या मुलासारखा. "कोण बोलतंय?"

"पाव्हणं, मी सोनईवरनं. तुमाला वळखतो मी."

"मला कोण ओळखणार? चेष्टा करताय का?"

"तुमी हाटेलातल्या मारामारीत कप खाली ठिवला आनि मंग पळाला."

  पातळ आवाज लगेच म्हणाला, "तो कप चहावाल्याचा होता हो. शूटिंग संपल्यावर त्याला परत द्यायचा होता. फेकणार कसा?"

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पाव्हण्यांनी कुठली मोठी परीक्षा पास केली. मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं, ते बाईंच्या फोनचं चार्जिंग संपेपर्यंत. त्यात नंबर दिले-घेतले गेले आणि एवढं कळलं, की मास्तर आता फक्त बसायचं काम घेतात, आणि नुकतंच एक मिळालंय. दवाखान्याच्या बाकावर बसलेला पेशंट. हिरो धावत येतो आणि हे मान वळवून त्याच्याकडे बघतात. "मान वळवा, असं दिग्दर्शक स्वतः येऊन सांगून गेले," पातळ आवाज म्हणाला. "दिवाळीत लागेल. बघा आणि कसं झालं ते खरं सांगा. घरातले काय, छान म्हणतात आणि झोपतात."

"आमच्या वहिनीस्नी संगं आनतो," भाऊजी म्हणाले. "त्या खोटं बोलतच न्हाईत. लोकांस्नी त्याचा लई तरास हाय."

दिवाळीत आम्ही नगरला गेलो. भाऊजी, जाऊ आणि मी. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सिनेमा कसा होता ते विचारू नका, मला तरी त्यात कोण कुणाचा भाऊ ते शेवटपर्यंत लागलं नाही. पण दवाखाना आला तेव्हा आम्ही तिघंही पुढे सरकून बसलो. हिरो धावत आला. पडदाभर त्याचं तोंड. घाम, डोळे, नाकपुड्या. मागे काहीतरी धुरकट पांढरं सरकत गेलं आणि तो खोलीत शिरलासुद्धा. बाक नाही, पेशंट नाही, मान नाही. भाऊजी सिनेमा संपल्यावरही उठले नाहीत. नावांची शेवटची ओळ सरकली, दिवे लागले, झाडूवाला आला, तेव्हा उठले. 

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात बसले असताना त्यांचा फोन वाजला. मास्तरच. त्यांना स्वतःला अजून थेटरात जाता आलं नव्हतं, जिना चढवत नाही म्हणून. "बघितलात का?" पातळ आवाज दुकानभर ऐकू आला. "कसं झालं?"

भाऊजी म्हणजे आयुष्यात सिनेमाबद्दल एक शब्द खोटा न बोललेला माणूस. सख्ख्या मेव्हण्यानं काढलेल्या लघुपटाला तोंडावर "झोप आली" म्हणाला होता. तो म्हणाला, "लई भारी, पाव्हणं. येकदम सोच्छ दिसला तुमी."

"खरं? वहिनींना द्या बरं फोन."

भाऊजींनी फोन माझ्यापुढे धरला. डोळ्यांनी काही सुचवलं नाही, विनवलं नाही. नुसता धरला. काउंटरपलीकडे एक गिऱ्हाईक गव्हाच्या बियाण्यासाठी ताटकळत होतं.

"दिसलात," मी म्हणाले. मग वाटलं, एवढ्यानं भागणार नाही, माणूस कामाचं विचारतोय. "तुम्ही मान वळवलीत ना, तेव्हा वाटलं, हा माणूस खरंच कुणाची तरी वाट बघत बसलाय."

"तेच डोक्यात ठेवलं होतं हो मी!" आवाज एकदम मोठा झाला. "मुलगी औषध आणायला खाली गेलीय, अजून कशी आली नाही, असं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. कळलं म्हणजे तुम्हाला!" मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात आणखी एक आहे. बागेतला बाक."

"बाकाला पाठ हाय का?" भाऊजींनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं. "गुडग्याला बरं पडंल."

पाठ आहे म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी भाऊजींना म्हटलं, "तुमच्यापायी खोटं बोलले मी."

"खोटं कुठं?" ते म्हणाले. "आपल्याला दिसला न्हाई, म्हंजी तो बसला नव्हता व्हय?"

 गिऱ्हाइकाला गव्हाचं बियाणं देता देता मी विचारलं, हा बागेचा सिनेमा साधारण कधी लागेल. भाऊजी म्हणाले, लागंल उन्हाळ्यात. मग बियाण्याच्या पिशव्यांवर बसून ते बराच वेळ बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यानं शाळेतली पोरं, दुधाचे कॅन, एक म्हातारी आणि तिची शेळी, असे सगळे आपापल्या कामाला चालले होते, आणि भाऊजी एकेकाला नीट बघून घेत होते.