नथीसाठी पक्कड

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या ऑर्डरी चालू असतानाच माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. मी डोंबिवलीत घरी बसून मोत्यांच्या नथी करते. लग्न होऊन इथे आल्यावर शिकले, तेव्हापासून करतेच आहे. नथीत लोकांना मोती दिसतात, पण नथ उभी राहते ती तारेवर. बारीक तार मोत्यातून ओवायची, मधल्या जाड तारेभोवती तिचे वेढे घ्यायचे आणि शेवटचं टोक मोत्याच्या मागे असं दडपायचं की नाकाला बोचता कामा नये. हे सगळं लांब चोचीच्या पकडीने करायचं. अंगठ्यात जोर नसेल तर चोच तार सोडते, आणि सुटलेली चोच हटकून मोत्यावरच जाते. एकदा चरा पडला की तो मोती कामातून गेला.

डॉक्टरांनी अंगठा इकडे-तिकडे वळवून पाहिला आणि म्हणाले, झीज आहे, बारीक कामं आता कमी करा. लेक हेच कधीपासून सांगत होती, पण सोनारानेच कान टोचावे लागतात. ती ठाण्यात वर्तकनगरला राहते, रविवारी येते. त्या रविवारी तिने माझ्या हातातली तार काढूनच घेतली.

"आई, बास झालं गं आता. किती वर्षं केलंस. आम्ही आहोत ना!"

'आम्ही आहोत ना' या वाक्याचा मला भारी राग येतो. ती मायेने म्हणते हे मला कळतं, तरी येतो. आमच्या बिल्डिंगमध्ये मला कोणी नावाने ओळखत नाही, मी नथवाल्या काकू. नथी बंद केल्या तर मी कोण? मी घाबरले होते. आणि मी घाबरले की चिडते, त्यामुळे लेकीला जेवण होईपर्यंत माझा फुगलेला चेहराच बघायला लागला.

नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या जुन्या गिऱ्हाईक, मावशी, आल्या. खाडीकडच्या गावातलं जुनं आगरी घर त्यांचं. शेतं आणि मिठागरं होती तिथे आता टॉवर उभे आहेत आणि मावशी मोठ्या गाडीतून उतरतात, पण बसायला खुर्ची दिली तर आधी जमिनीकडे बघतात. थोरल्या नातीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडून एक नथ माझ्या ओंजळीत ठेवली. त्यांच्या सासूची होती. टपोरी, जुन्या मोत्यांची, सगळे वेढे सैल पडलेले. हेच मोती, हीच मधली तार, फक्त बारीक तार नवी घालून पुन्हा ओवून दे, म्हणाल्या.

"दुसरे कोनाला देनार नाय मी. तूच कर, बाय."

मी हो म्हटलं. अंगठ्याबद्दल ताकास तूर लागू दिली नाही. तसे मोती आता बघायलाही मिळत नाहीत, एकाला चरा गेला तर बदली कुठून आणणार होते? तरीही हो म्हटलं. मला ते काम हवं होतं.

मग मी पकडीच्या मागे लागले. अंगठ्यात जोर नाही ना, मग पकडीत असू दे, असा माझा सरळ हिशेब. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी म्हणालं असतं तर म्हणो बापडं. मी अंगण बदलून बघायचं ठरवलं होतं.

पहिली आणली आमच्या स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून. तो म्हणाला, "मॅडम, ही घ्या. खिळा पण तोडते."

"मला खिळा नाही तोडायचा, नथ करायचीये."

त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं. नाक मोकळंच होतं. त्याचा बहुधा विश्वास बसला नाही.

घरी खिडकीपाशी बसून मी तांब्याची तेवढ्याच जाडीची तार घेतली, प्लास्टिकचे मणी घेतले आणि वेढे घालून पाहिले. चोचीच्या आत खाचा होत्या, त्यामुळे तार धरली की सुटायचं नाव नाही. मला केवढा आनंद झाला! मग भिंग लावलं. तार उंदराने कुरतडावी तशी झाली होती. तांब्याची ही गत, तर सोनं त्याहून मऊ. खाचांवर चिकटपट्टी गुंडाळून पाहिली, तर चोच एवढी फुगली की दोन मण्यांच्या मध्ये शिरेना.

दुसरी लेकीने मोबाइलवरून मागवून दिली. मला समजवायला म्हणूनच मागवली असणार. निळ्या मुठी, आत स्प्रिंग, चोच सुईसारखी. कुठेही शिरायची. दिसायला इतकी देखणी की मी ती आधी नुसतीच उघडून-मिटून बघत बसले. पण वेढा आवळायला पीळ दिला की चोचीची दोन टोकं भांडलेल्या जावांसारखी एकमेकींना सोडून दोन दिशांना जायची. जितका जोर लावावा तितकी ती वाकडी.

"रिव्ह्यू तर सगळे चांगले होते गं," लेक फोनवर म्हणाली.

"रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी नथ केलेली नसणार."

ठाण्याच्या बाजारात दोन-तीन पाहिल्या, त्या उभ्याउभ्याच नापास केल्या. मग कल्याणला सोनारांची हत्यारं मिळतात त्या दुकानात गेले. पर्समध्ये तार, मणी आणि भिंग. काउंटरवर रुमाल पसरला आणि दुकानदाराला म्हटलं, मी करून बघणार, मगच घेणार. मागे गिऱ्हाइकं ताटकळली. एकजण मोठ्याने सुस्कारे टाकत होता. मी हलले नाही. एक मूठ घट्ट धरून दुसरी आडवी हलवायची, सांधा जराही खिळखिळा लागला की पक्कड बाजूला. अशा करत करत एक उरली. चोच आखूड, बुडाशी जाड, आतून गुळगुळीत, स्प्रिंग नाही, चकाकी नाही, वजनाला ठोंबी. पण कशीही हलवा, टोकावर टोक बसलेलं ते बसलेलंच.

ती घरी आणली, वेढे घेतले. तारेवर डाग नाही, चोच सरकत नाही, टोकं वाकत नाहीत. अगदी हवी तशी पक्कड. पण चार-पाच वेढ्यांत अंगठा असा पेटला की पक्कड हातातून गळून खाली पडली. पक्कड मिळाली होती आणि ती धरायला हात नव्हता. मी दार लोटून घेतलं आणि रडले. मग डोळे पुसून मावशींची नथ कपाटात ठेवली, कारण समोर असली की बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोबी चिरायला बसले. लेकीने सुरी आणि प्लास्टिकचा पाट दिलाय, पण सुरीने अंगठा दुखतो म्हणून मी पुन्हा विळी काढली होती. पाय विळीच्या पाटावर, कोबी दोन्ही हातांत. अर्धा गड्डा चिरून झाला आणि लक्षात आलं की अंगठा गप्प आहे. सुरी चालवायची तर ती हाताने आवळून धरावी लागते. विळीला पाय धरतो. विळी जागची हलत नाही, कोबी फिरतो. मी इतकी वर्षं नथ धरून पक्कड फिरवत होते. पक्कड धरून नथ फिरवायला काय हरकत होती?

कोबी तसाच टाकून मी जेवणाचा लाकडी पाट ओढला. पकडीची एक मूठ सुतळीने पाटाला बांधली. सरकली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाली घालून पुन्हा आवळली, तेव्हा बसली. वरची मूठ मोकळी ठेवली. तिच्यावर टाचेने दाब दिला की चोच मिटायची, टाच उचलली की उघडायची. त्यासाठी दोन मुठींच्या मध्ये मी रबराचा एक तुकडा अडकवला होता. दोन्ही हात मोकळे. आमचे हे येऊन बघून गेले आणि स्वयंपाकाचं काय म्हणाले. वरण-भात, म्हटलं.

मग बाकीच्या पकडीही तशाच बांधून पाहिल्या. राहवेना. सुईसारखी देखणी टाचेखाली पहिल्याच दाबाला वाकडी झाली. खिळा तोडणारी तारेला चावतच राहिली. जोर मी चोचीत शोधत होते, तो टाचेत निघाला. नजाकत दोन हातांच्या बोटांत होती, ती कुठे गेलीच नव्हती. पकडीने फक्त ताठ राहायचं होतं, आणि ते एका कल्याणच्या ठोंबीलाच जमत होतं.

आता खरी पंचाईत पुढे होती. आमच्याकडे सोनं कमरेखाली घालत नाहीत. कागदाला पाय लागला तरी आपण हात लावून कपाळाला नेतो. आणि मी लग्नाची नथ पायाने करणार? पाय मुठीला लागत होता, नथीला नाही, हे खरं. पण ही पळवाट आहे हे मलाही कळत होतं. पकडीला नमस्कार केला, नथीला केला आणि बसले. जुन्या वेढ्यातून एकेक मोती सोडवला, पुसला, ओवला. घाई केली नाही. अंगठा दुखायचा, पण दुखणं आणि हातून तार सुटणं यात फरक आहे.

रविवारी लेकीने दारातूनच पाहिलं. "आई! पायाने?"

"हो."

"अगं, त्या मावशींना कळलं तर? त्यांच्या गावात एकदा पसरलं ना, एक नथ येणार नाही तुझ्याकडे."

तिचं चुकत नव्हतं. माझ्या अर्ध्या नथी तिकडच्याच. ती जवळ बसली, भिंगातून एकेक वेढा पाहिला. मग हळूच म्हणाली, "काम एकदम मस्त झालंय गं. सांगूच नकोस ना. कोणाला दिसतंय?"

"सांगणार."

"कशाला पण?"

कशाला ते मी आधीच ठरवलं होतं. ही एक लपवली की पुढची प्रत्येक नथ दार लावून करावी लागली असती. बेल वाजली की पाट पलंगाखाली सरकवायचा. असं चोरून करायचं असेल तर डॉक्टरचं ऐकलेलं काय वाईट? मला नथी करायच्या होत्या, आणि त्या उघड करायच्या होत्या.

मावशी आल्या त्या दिवशी पाट मी मुद्दाम खोलीच्या मधोमध ठेवला. त्यांनी नथ उजेडात धरली, मग एकेक मोती चिमटीत धरून चांगला ओढून पाहिला. एकही मोती हलला नाही. शेवटच्या टोकाला त्यांनी ओठ लावून पाहिला, बोचतं का म्हणून. मग मान हलवली आणि पुरचुंडी काढली.

"मावशी, थांबा. आधी एक ऐका," मी म्हटलं. "माझा अंगठा गेलाय. ही नथ मी पाय लावून केलीये."

मी पाटाजवळ बसून टाच मुठीवर ठेवून दाखवली. मावशी माझ्या पायाकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. पण पाय काढला नाही.

"आन् ही नथ आली कशातून, म्हाईत हाय?" त्या म्हणाल्या. "मिठागरातून. आमचे सासूनी पायांनी चिखल तुडवला, आगर घट केला, तवा मीठ पिकला. तवा ही नथ आली. पायांना भेगा पारलेल्या तिचे, मी बघलंय. हिला पाय आधीच लागलेला हाय, बाय."

नथ पुरचुंडीत बांधून त्यांनी ती कनवटीला लावली आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"धाकटी नात चौथीला हाय माझी. तिचीपन तूच करायची. मी असंन नसंन, आताच सांगून ठेवतंय."

"करते," मी म्हटलं. मग मोठ्याने पुन्हा एकदा म्हटलं.