पहिल्या पसंतीचं कॉलेज

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि त्या दिवशी आमच्या घरात एक शब्द शिरला तो प्रवेश होईपर्यंत हलला नाही. चान्सेस. कांदिवलीच्या आमच्या बिल्डिंगमधली जी माणसं आयुष्यात कधी माझ्याशी धड दोन वाक्यं बोलली नव्हती, तीसुद्धा लिफ्टमध्ये विचारायला लागली, कम्प्युटरला चान्सेस किती? मी मार्क सांगितले की समोरचा माणूस तोंड वाकडं करायचा, मान हलवायचा, ‘टफ आहे’ म्हणायचा आणि आपल्या मजल्यावर उतरून जायचा. बँकेतून रिटायर झालेल्या तळमजल्यावरच्या गृहस्थांना पर्सेंटाइल आणि टक्के यांतला फरक ठाऊक नव्हता. माझे चान्सेस मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

या मंडळींत सगळ्यात वरचा मान मोठ्या काकांचा. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडली तोवर दोन्ही मुलं शिकून नोकरीला लागली होती. पुढे काका एका औषधांच्या कंपनीत चढत चढत मॅनेजर झाले आणि वर्सोव्याच्या बाजूला एका टॉवरमध्ये राहायला गेले. बाबा अंधेरीतल्या एका ऑफिसात हेडक्लार्क होऊन थांबले. एवढ्या फरकावरून काकांनी ठरवून टाकलं होतं की आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं, आणि कळत नाही असं बाबांनीही त्यांना कधी भासू दिलं नव्हतं. फ्रिज कुठला घ्यायचा इथपासून आजीचं ऑपरेशन कुठे करायचं इथपर्यंत सगळं दादाला विचारून.

काकांचा मुलगा माझ्याच वयाचा. दोघांनीही एकच परीक्षा दिली होती, दोघांनाही कम्प्युटर हवं होतं, आणि त्याला माझ्यापेक्षा थोडे जास्त मार्क पडले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

काकांनी अंधेरी स्टेशनजवळचा एक काउन्सेलर शोधून काढला. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलीचं त्याने ‘करून दिलं’ होतं. काका, बाबा आणि आम्ही दोघं असे चौघं गेलो. साड्यांच्या दुकानावरचा मजला, आत एसी इतका थंड की काकांच्या मुलाला शिंका सुरू झाल्या. काउन्सेलर चाळिशीचा होता, आणि स्वतःच्याच ऑफिसात गळ्यात स्वतःचं आयकार्ड अडकवून बसला होता. ते तो कुणाला दाखवत होता कोण जाणे. सगळे त्याला सर म्हणत होते. काकासुद्धा, जे आपल्या साहेबांनाही पाठीमागे नावाने बोलायचे, ते इथे ‘सर, सर’ करत खुर्चीच्या कडेला बसले होते. हे सर आधी कर्जतकडचे प्लॉट विकायचे, असं पुढे आम्हाला कळलं. मला नवल वाटलं नाही. बोलण्याची ढब तीच होती.

त्याने आमचे मार्क टाइप केले. स्क्रीनवर कॉलेजांची रांग आली, काही लाल, काही पिवळी, काही हिरवी. स्क्रीन त्याने काका आणि बाबांकडे वळवली. आमच्याकडे नाही, शिकायला जणू ते दोघं जाणार होते. लाल म्हणजे विसरा, पिवळं म्हणजे रिस्क, हिरवं म्हणजे सेफ, असं त्याने समजावलं. चांगल्या कॉलेजांतलं कम्प्युटर आम्हा दोघांनाही लाल किंवा पिवळं होतं. तेव्हा ऑनलाइन पसंती भरताना लाल कॉलेजं टाकायचीच नाहीत, पिवळी खाली ठेवायची आणि हिरवं सगळ्यात वर, असा त्याचा सल्ला. हिरव्यात पहिलं होतं नवी मुंबईच्याही पलीकडचं एक कॉलेज, ज्याचं नाव आम्ही चौघांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग तो मागे रेलला आणि म्हणाला की त्याच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला पहिल्या फेरीत पहिली पसंतीच मिळते. काकांनी बाबांकडे असं पाहिलं, जणू हे काकांनीच करून दाखवलं होतं.

मी विचारलं, “पण सर, पहिली पसंती कोण ठरवतं?”

“ते आम्ही ठरवतो ना बाळा,” तो म्हणाला. “डेटा बघून.”

काकांनी माझ्याकडे डोळे वटारले. बाबा टेबलाकडे बघत राहिले. मला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते तिथे बसून सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर मी प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडली. सगळ्यांना ती डाउनलोड करता येते आणि कुणीच वाचत नाही. त्यात सरळ लिहिलं होतं की पहिल्या फेरीत ज्याला पहिली पसंती मिळते त्याचा प्रवेश तिथेच पक्का धरला जातो. पुढच्या फेऱ्यांत त्याला भाग घेता येत नाही. आणि जागा देताना यादी वरून खाली बघत येतात. वरच्या कॉलेजला मार्क पुरले नाहीत तर पुढच्यावर जातात. म्हणजे अवघड कॉलेज वर टाकल्याने काहीही बिघडत नाही. उलट सोपं कॉलेज सगळ्यात वर टाकलं की ते हमखास मिळतं आणि बाकीचे दरवाजे बंद होतात.

आता त्या माणसाची करामत माझ्या लक्षात आली. जे सहज मिळणार तेच तो प्रत्येकाच्या यादीत पहिलं लिहायला लावत होता. मग ते मिळायचं, आणि हा सांगायला मोकळा, बघा, पहिली पसंती दिली! मला आधी हसू आलं. मग शिसारी आली. मुलांचं काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतंच. त्याला फक्त आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं.

बाबांना समजावायला वेळ लागला. हातचं गेलं तर काय, ही त्यांची भीती. मी त्यांना तो परिच्छेद दाखवला, त्यांनी चष्मा चढवून पुन्हा पुन्हा वाचला, कागदावर खोटीखोटी कॉलेजं लिहून जागा वाटून बघितल्या. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती मालवणकडची, चिडली की घरात मालवणीवर येते. म्हणाली, “मगे त्या माणसाक येता तरी काय?”

“रंग भरता येतात,” बाबा म्हणाले. बाबांनी कुणाची टर उडवलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या मुलाला भेटायला वर्सोव्याला गेले. त्याच्या घरी बोलणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही मढला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. बाजूला मासे सुकत घातले होते. काकांच्या सोसायटीने या वासाबद्दल महापालिकेकडे तक्रार केली होती आणि काकांची त्यावर सही होती. ज्यांच्या आजीने कोकणात सुकट विकून घर चालवलं त्या काकांची.

त्याला दोन मिनिटांत कळलं. तो हुशारच होता, शिवाय त्याला ते कॉलेज नकोच होतं. जी कॉलेजं हवी होती ती वर, असा क्रम आम्ही तिथेच त्याच्या मोबाइलवर लावला. “मी आजच पप्पांशी बोलतो,” म्हणाला आणि जवळजवळ धावतच घरी गेला.

संध्याकाळी फोन वाजला, पण त्याचा नाही, काकांचा. बाबांनी स्पीकरवर टाकला. मी त्यांच्या मुलाच्या डोक्यात नसतं भरवलंय, त्याचं वर्ष वाया गेलं तर जबाबदारी कोण घेणार, सरांनी शेकडो मुलं मार्गी लावलीत, असं बराच वेळ चाललं. बाबा ‘हं, हं’ करत होते. मला वाटलं, संपलं, आता उद्या माझ्याही यादीत हिरवं कॉलेज वर जाणार.

“दादा,” बाबा मधेच म्हणाले, “ती सांगतेय ते पुस्तिकेत लिहिलंय. तू एकदा वाच.”

“मला वाचायची गरज नाही. अनुभव असलेला माणूस सांगतोय.”

“मग तू त्याचं ऐक. आम्ही हिचं ऐकतो.”

आयुष्यभर काकांनी बाबांचं ‘बरं दादा’ एवढंच ऐकलं होतं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आईने बाबांसमोर चहा आणून ठेवला.

काकांच्या मुलाची यादी काकांनी त्याला बाजूला बसवून, सरांना फोनवर धरून, स्वतः भरली. त्याचा पासवर्डही बदलून स्वतःकडे ठेवला. अठरा वर्षांचा मुलगा, मतदान करू शकत होता. कॉलेज निवडू शकत नव्हता.

पहिल्या फेरीत त्याला पहिली पसंती मिळाली. काकांनी सोसायटीत पेढे वाटले आणि व्हॉट्सअॅपवर काउन्सेलरबरोबरचा फोटो टाकला. मला माझ्या यादीतलं बरंच खालचं कॉलेज मिळालं. काकांनी बाबांना टाळून मुद्दाम मला फोन करून सहानुभूती दाखवली. ऐकलं असतंस तर, असं म्हणाले. ती सहानुभूती ऐकताना मला जेवढं किळसवाणं वाटलं तेवढं त्यांचं ओरडणं ऐकतानाही वाटलं नव्हतं. मी मिळालेली जागा हाताशी ठेवली आणि पुढच्या फेरीची वाट बघितली. तशी सोय होती. तीही पुस्तिकेत लिहिलेली होती.

दुसऱ्या फेरीत मला उपनगरातल्याच एका चांगल्या कॉलेजात कम्प्युटर मिळालं. सरांच्या स्क्रीनवर ते लाल होतं.

काका म्हणाले, मुलींना राखीव जागा असतात, तिचं काय. हे खरं आहे, असतात. पण त्याच कॉलेजात, त्याच शाखेत, सर्वांसाठीच्या जागांवर शेवटचा प्रवेश ज्या मार्कांना झाला होता, त्यापेक्षा काकांच्या मुलाचे मार्क जास्त होते. कुणालाही बघता येतील असे ते आकडे वेबसाइटवर होते. त्याने बघितले. त्याने त्याची यादी स्वतः भरली असती तर आम्ही एका वर्गात असतो.

तो एकटाच त्या काउन्सेलरकडे गेला. मला हे त्याने नंतर सांगितलं. त्याने आकडे समोर ठेवले आणि विचारलं, हे काय? सर शांत होते. म्हणाले, “तुझी तक्रार नक्की काय आहे? पहिली पसंती मिळाली ना तुला?” आणि पुढच्या पालकांना आत बोलावलं.

हे सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता. राग मलाच आला होता, त्याच्या वाटचाही. त्याला म्हटलं, पप्पांना सांग हे सगळं. तो म्हणाला, “सांगितलं. म्हणाले, कॉलेजने काय होतं, शेवटी मुलगा कसा आहे त्यावर असतं.” ज्या कॉलेजवरून काकांनी भावाशी बोलणं टाकलं होतं, त्या कॉलेजने अचानक काहीच होत नव्हतं.

तो त्या कॉलेजात गेला. वर्सोव्याहून जाण्यायेण्यातच त्याचा अर्धा दिवस जायचा. लॅबमधली निम्मी कम्प्युटरं बंद, शिकवणारे सेमिस्टरच्या मध्यात सोडून जाणारे. रविवारी तो आमच्याकडे कांदिवलीला यायचा. माझ्या नोट्स घ्यायचा, आमचे प्रोजेक्ट माझ्यापेक्षा लवकर करून दाखवायचा, आईच्या हातचं जेवायचा. आता आम्ही दोघंही शेवटच्या वर्षाला आहोत आणि तो माझ्यापेक्षा चांगला प्रोग्रॅम लिहितो. त्याचं श्रेय काका सरांना देतात.

गेल्या गणपतीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. बाबा आणि काका एव्हाना पुन्हा बोलायला लागले होते, हवापाण्याबद्दल. काकांच्या ऑफिसातले एक गृहस्थ बायको आणि बारावीतल्या मुलीला घेऊन दर्शनाला आले. मुलीला कम्प्युटरच करायचं होतं. काका लगेच सुरू झाले, आमचे एक सर आहेत, आमच्या याला पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली.

काकांचा मुलगा प्रसादाच्या वाट्या वाटत होता. त्याने ट्रे खाली ठेवला. “अंकल, तिथे जाऊ नका,” तो त्या गृहस्थांना म्हणाला. “माझं त्यांनी वाटोळं केलं.”

काका हसले. “आजकालची पोरं,” ते म्हणाले, “कशातच समाधान नाही.” काकूही हसली. ते गृहस्थही हसले, आणि थोड्या वेळाने त्यांनी मोबाइल काढून काकांकडून सरांचा नंबर घेतला. ज्याला सर भेटले होते तो समोर उभा होता. त्याला त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही.

बाबा मला म्हणतात, जाऊ दे, माणसं अशीच असतात, एवढा तिटकारा बरा नाही. असेल. मी त्या दिवशी त्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघत होते. पायरीवर चप्पल घालताना ते बायकोला सांगत होते की एकदा दाखवून यायला काय हरकत आहे, चान्सेस तरी कळतील. मुलगी मागे उभी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.