दोरीची दुसरी बाजू

प्रमोदिनीबाईंच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर ओव्याचा उपाय चालणार नव्हता. त्यांचा तिसरी-चौथीचा वर्ग पहिली-दुसरीच्या नीरजाला दिला होता.

आंबिवलीच्या पुढे रिक्षाने जावं लागतं अशी ती शाळा. दोन खोल्या, दोन बाई. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. डोंबिवलीहून येणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी अर्धी नोकरी त्या दुसऱ्या खोलीत काढली होती. तिसरीचं तोंड पुढच्या फळ्याकडे, चौथीचं मागच्या फळ्याकडे, मधे बाई. इतिहासाच्या तासाला त्या मांडीवर थाप मारून "बरं का मंडळी" म्हणाल्या, की दोन्ही वर्ग माना वळवून त्यांच्याकडे बघायचे. बाजारात भेटलेली मोठी मुलंसुद्धा त्यांना 'इतिहासाच्या बाई' म्हणत. घरी नवऱ्याने कधी त्यांची एक गोष्ट धड ऐकली नव्हती, त्यामुळे या नावाचं त्यांना फार अप्रूप होतं.

जूनमध्ये केंद्रप्रमुख सुधीर सर आले. आसपासच्या दहा-बारा शाळा त्यांच्याकडे. म्हणाले, "यंदा अदलाबदल करून बघू. नीरजा मॅडमकडे दोन्ही वर्गांना एकत्र इतिहास शिकवायचं छान नियोजन आहे. जमलं तर त्याच ठेवतील हा वर्ग."

छान नियोजन म्हणे. कालची पोरगी, केसाला क्लिप लावून येते, आणि आम्ही काय इतकी वर्षं गोट्या खेळलो? बाई पहिलीच्या मुलांना 'ग' गिरवायला लावत आणि कान भिंतीला. पलीकडून हसण्याचा आवाज आला की त्यांचा खडू मोडायचा.

सर वर्ग बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर नीरजाने हाक मारली. "बाई, जरा बघता का?"

तिने खोलीच्या मधोमध आडवी दोरी बांधली होती आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्यावर कार्डं लावली होती. शिवजन्म, तोरणा, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक. "दोन्ही वर्ग दोरीकडे तोंड करून बसतील. तिसरी इकडून, चौथी तिकडून. कार्डांवर दोन्ही बाजूंनी लिहिलंय, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. तिसरी गोष्ट सांगेल, चौथी त्यावर लिहील. धडा एकच."

बाईंना एका नजरेत दिसलं. तिसरीला शिवजन्म डावीकडे दिसणार, चौथीला उजवीकडे. चौथीचा सगळा इतिहास उलटा. जिभेवर आलंच होतं, पण त्यांनी मिठाची गुळणी धरली. "छान दिसतंय गं," म्हणाल्या आणि पर्स घेऊन निघाल्या. वाटेत रिक्षात त्यांना चक्क हसू आलं. वर्ग परत मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी सुधीर सर नेमके चौथीच्या बाजूला उभे राहिले. बाई आपली मुलं व्हरांड्यात चित्रं काढायला बसवून दारात येऊन थांबल्या. सरांनी सगुणाला उठवलं. "काय काय झालं, ओळीने वाच बघू."

सगुणाने डावीकडून ठणठणीत सुरुवात केली. "राज्याभिषेक, आग्र्याहून सुटका, तोरणा, शिवजन्म."

"म्हणजे महाराज आधी गादीवर बसले आणि मग जन्मले?"

पोरं खिदळली. नीरजा लालबुंद झाली. बाईंनी पदर सारखा केला. सर आता आपल्याकडे वळणार, याची त्यांना खात्री होती.

"चूक माझी आहे, सर," नीरजा म्हणाली. मग दोरी वर धरून तिने चौथीला सांगितलं, "चला, खालून या सगळे. तिसरीत मिसळून बसा. सगुणा, आता शेजारच्या दिपेशला सांग, आधी काय झालं ते."

सगुणा दिपेशला चिकटून बसली. तिने मांडीवर थाप मारली. "बरं का मंडळी..."

तिसरीची पोरं सरकत सरकत तिच्याभोवती आली. थाप तीच, 'मंडळी'वर जरा थांबणं तेच. इतक्या वर्षांत बाईंना दोन वर्ग एका सतरंजीवर बसवायचं सुचलं नव्हतं, आणि आज बसले होते ते त्यांच्याच गोष्टीसाठी, त्यांच्याशिवाय.

सर खूश झाले. "नीरजा मॅडम, असंच एकत्र बसवत चला. आणि मुलांना गोष्ट सांगायची ही ढब फार छान शिकवलीत हो. वर्ग तुमच्याकडेच राहू द्या."

ढब माझी आहे, असं बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं. पण काल जे तोंड मिटलं होतं, ते आज उघडेना. नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मधल्या सुट्टीत नीरजाने आपला डबा त्यांच्या पुढे सरकवला. "बाई, कसली घाबरलेले मी. दोरी उलटी दिसेल हे डोक्यातच नाही आलं. तुमच्याही नसेल लक्षात आलं, नाहीतर तुम्ही सांगितलंच असतं ना."

प्रमोदिनीबाईंनी तिच्या डब्यातली पोळी तोडली.

"सांगितलंच असतं की गं," त्या म्हणाल्या.