कॅसेटमधली मधुकरची जागा

सौंसरची बस पांढुर्ण्यात आली की तिचा कंडक्टर माझ्या कापडाच्या दुकानासमोर उतरायचा, पायरीवरूनच कॅसेट पुढे करायचा आणि चहाला थांब म्हटलं तर ‘टाइम नाही शेठ’ म्हणून पळायचा. त्या दिवशी तो आत आला. हात रिकामे. गादीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, “शेठ, तुमचे तहसीलवाले मधुकरबाबू गेले. काल सकाळी. छातीत दुखते म्हणले, आन् दवाखान्यात न्याच्या आधीच...” मला पहिल्यांदा काय सुचलं असेल तर चिडणं. अरे, असा कसा जातो हा माणूस? गेल्याच आठवड्यात बसस्टँडवर भेटला होता, मी वाजवलेल्या भैरवीची भर रस्त्यात खिल्ली उडवली होती, आणि ‘सविस्तर कॅसेटमध्ये ऐक’ असा दम देऊन गेला होता. आता कुठलं सविस्तर?

मधुकर बोडखे सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू होता. वसुलीच्या कामानं गावोगाव फिरायचा आणि कामापेक्षा कान जास्त उघडे ठेवायचा. कुठल्या घरातून पेटीचा सूर आला की सायकल तिथेच उभी. आमच्या भागात पेटी वाजवणारे म्हणजे भजनी मंडळातले, तेवढेच. पण भजन संपल्यावरही पेटी सोडवत नाही, बाजाराच्या दिवशीसुद्धा डोक्यात तोच राग घोळत राहतो, असे येडे गावात एखाददुसरेच, आणि ज्याला त्याला वाटायचं की असला येडा जगात आपण एकटाच. बोरगावला संत्र्याचे बगीचे असलेले नामदेवराव, मोहगावच्या शाळेतल्या शकुंतलाबाई, पांढुर्ण्यात मी. आम्ही एकमेकांचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. मधुकरनं आम्हाला हुडकलं. पण एकत्र आणायचं कसं? नामदेवरावांना तोडणी सोडून येता येईना, बाईंना शाळा, मला दुकान. एक बैठक ठरवली तर तो स्वतःच तेवढा आला आणि सगळे लाडू खाऊन गेला.

मग त्यानं ही कॅसेट काढली. सुरुवातीला तो बोलणार, मागच्या फेरीत कोणी काय वाजवलं त्याची चिरफाड करणार, स्वतः थोडं वाजवणार. मग कॅसेट सौंसरच्या बसनं वाटेतल्या बोरगावला, तिथून माझ्याकडे, मग मोहगावला आणि परत सौंसरला. ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर बोलायचं, वाजवायचं, भांडायचं. आणि कॅसेट पुन्हा हातात आली की आपलं जुनं पुसून त्याच जागेवर नवं भरायचं. हा त्याचा नियम. या नियमावरून मी त्याच्याशी किती भांडलो असेन! नामदेवरावांनी एकदा असा मारवा वाजवला होता की मी दुकान बंद करून ऐकत बसलो. पुढच्या फेरीत तो गायब, त्या जागेवर खताच्या टंचाईबद्दल तक्रार आणि कसलीशी धून. मी सौंसरला जाऊन मधुकरला धारेवर धरलं. “अबे, दुसरी कॅसेट घे न! काहून पुसतं चांगलं चांगलं?” तो विड्याचं पान जुळवत होता. “गजू, ठेवलं की लोक जुनंच ऐकत बसतात. नवं बोलत नाहीत. आपल्याले लोकं बोलते ठेवाचे हाय, का पेटारा भराचा हाय?” तहसिलीतला माणूस, आयुष्यभर कागद जपून ठेवायचा पगार घेतला, आणि एवढी एक गोष्ट जपायची म्हटली तर तत्त्वज्ञान!

पण चाललं, हे मान्य करावं लागेल. वर्षानुवर्षं चाललं. शकुंतलाबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या सासूचं आजारपण, मुलाची बारावी, पेटीची खराब झालेली पट्टी, सगळं मला माहीत. एका लग्नात मी जेवणाच्या पंगतीत नुसता खाकरलो तर पाठीमागून बाईंचा आवाज आला, “पांढुर्ण्याचे गजाननभाऊ न तुम्ही?” गावात शेजाऱ्याशी माझं धड पटत नाही, आणि ही न पाहिलेली माणसं मला घरच्यासारखी. ही किमया त्या हेकट माणसाची होती, आणि त्याचाच मला आता जास्त राग येतो.

तेरवीला गेलो तेव्हा त्याची मुलगी शुभा माझ्याजवळ येऊन बसली. ती भिलाईला असते. तार मिळून ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, चेहरासुद्धा दिसला नाही. म्हणाली, “काका, घरात बाबांचे फोटो हायेत, पण आवाज कुठंच नाही. तुमच्या कॅसेटमध्ये असंल न?” मी छाती ठोकून सांगितलं, आहे. कारण जाण्याच्या आदल्याच दिवशी मधुकरनं आपली जागा भरून कॅसेट बोरगावला धाडली होती. “माझ्याकडे आली की पुढं पाठवत नाही, तुझ्या हातात आणून देतो,” असा शब्द दिला.

आणि कॅसेट आली. दुकानात कोणी नव्हतं. टेप लावला... आणि सुरुवातीलाच नामदेवराव! “आपले सर्वांचे लाडके मधुकरराव आज आपल्यात नाहीत, त्यांच्या आत्म्यास...” मी खाडकन टेप बंद केला. मधुकरच्या जागेवर! त्याच्या शेवटच्या बोलण्यावर या शहाण्यानं श्रद्धांजली भरली होती! तशीच बस पकडली आणि बोरगाव गाठलं. नामदेवराव बगीच्यात होते. मी जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, “भाऊ, मी ऐकलं होतं त्याहीचं. तुमच्या भैरवीले लय शिव्या देऊन राहिले होते. पण जागा त्याहीची होती न? श्रद्धांजली त्याहीच्या जागेवर नाही द्याची त कुठं द्याची? माह्या जागेवर दिली असती त बरं दिसलं असतं का?” आता यावर डोकं आपटायचं की रडायचं? नियम मधुकरचा, आणि नियम पाळणारा इतका इमानदार की मालकालाच पुसून बसला.

शुभाला सांगायला नामदेवराव स्वतः माझ्यासोबत सौंसरला आले. मी नको म्हटलं, पण “चूक माही हाय” म्हणून बसमध्ये चढलेच. तिला सगळं मीच सांगितलं. ती म्हणाली, “जे हाय ते तर लावा.” टेप लावला. नामदेवरावांची श्रद्धांजली... ती काय, थोडकीच. मधे हुंदका, मग “ओम शांती”, मग खट्ट. आणि त्याच्या लगेच मागून, मधूनच तुटलेला, पानानं भरलेल्या तोंडाचा आवाज: “...भाता मारून राहिला का कापडाचं थान फाडून राहिला, काही समजत नाही. जाऊ द्या. बाकी मजेत. ठेवून नका घेऊ, लवकर पुढं पाठवा.” बस, एवढंच. नामदेवरावांची श्रद्धांजली मधुकरच्या बडबडीपेक्षा आखूड निघाली होती! शुभा हसली. तोंडावर पदर धरून हसली, आणि मग तो पदर डोळ्यांवर गेला तो तिनं काढलाच नाही. आम्ही ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.

मी स्क्रू पिळायचा पेचकस मागितला आणि कॅसेटच्या पाठीवरचे ते दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. नामदेवराव दचकून म्हणाले, “भाऊ, ते त म्हणून राहिले पुढं पाठवा...” मी म्हटलं, “आयुष्यात एकदा त त्याचं नाही ऐकत!” आणि कॅसेट शुभाच्या हातात दिली.

पण मंडळ बंद पडू द्यायचं नव्हतं. नवी कॅसेट मीच घेतली आणि बोरगावला पाठवली, की नामदेवराव, आता सुरुवात तुम्ही करा. काही दिवसांनी ती माझ्याकडे आली. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी लावली. नुसती खरखर. मला वाटलं, म्हाताऱ्यानं बटण चुकीचं दाबलं. खरखर चालूच. संपेचना. मग केव्हातरी नामदेवरावांचा आवाज आला, की नमस्कार, मी आपल्या जागेवरून बोलतो. म्हणजे मधुकरची अख्खी जागा त्यांनी तशीच कोरी सोडली होती! मला इतकी चीड आली. केवढी टेप वाया! यांना नवं सांगितलेलं कळतच नाही का? मी तेवढा भाग वाजवून भरावा असंही ठरवलं, पेटी पुढे ओढली... आणि ठेवून दिली. कॅसेट तशीच मोहगावला गेली, आणि बाईंनीही त्या जागेला हात लावला नाही.

आता पुढच्या फेरीला ती आली आहे. मी पहिल्यापासून लावतो. भरभर पुढे नेण्याचं बटण समोर असतं, पण दाबवत नाही. आज सकाळी एक बाई लुगड्याचा भाव विचारत होत्या. टेपकडे पाहून म्हणाल्या, “शेठ, याच्यात त काहीच आवाज येऊन नाही राहिला.”

“जरा थांबा बाई,” मी म्हटलं. “त्याचं होऊन जाऊ द्या.”