धवलारीण नाटकाला गेली

बाळकुमच्या चांगुणाला नाटकाची हौस अशी कधी नव्हतीच. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं लावत आलेल्या बाईला आणखी कसला तमाशा बघायचा उरतो? तिच्या आगरी समाजात लग्नाला एखादवेळ भटजी नसला तरी चालून जाई, पण धवलारीण हवीच. तिने धवले गायचे, गाण्यातून सूर्याला, चंद्राला, खाडीला, गावदेवीला नावानिशी मांडवात बोलवायचं; मग कुठे लग्न लागलं म्हणून गाव मान डोलावणार. बाळकुमपासून कोपरीपर्यंत चांगुणाने अशी किती घरं मार्गी लावली, हे तिलाही सांगता आलं नसतं. ज्यांना तिने हळद लावली त्यांच्या नातवंडांनाही आता तीच हळद लावत होती.

पण त्या वैशाखात तिचा घसा बसला आणि ज्येष्ठ लागला तरी सुटेना. रात्र रात्र मांडवात बसून कंबर धरली होती, पाय सुजले होते. गाणी सगळी डोक्यात, आणि डोकं काही कायमचं टिकत नाही. सुनेला शिकवून पाहिलं, पण तिचा आवाज असा की म्हशीसुद्धा कान हलवीत. उरली नात धाकू. वय आठ. एकदा ऐकलेलं गाणं पोरीच्या गळ्यात जसंच्या तसं बसायचं, आणि म्हणूनच चांगुणाला तिचा राग यायचा. कारण धाकू गायची ती फक्त नाटकातली पदं. ठाण्याला कमळाबाई वकिलीणबाईंकडे आजीबरोबर भाजी घालायला जाता जाता, त्यांच्या मुलांकडून तिने ती उचलली होती. धवले म्हटले की हिचं तोंड वाकडं.

"सगले एकाच चालीचे. मना झोप येते," ती म्हणायची.

"मी मेल्यावर कोन गाईल गं?"

"नाटक दाखव. मंग शिकेन."

वाद घालायलाही अंगात जोर लागतो. चांगुणा हो म्हणाली.

मुंबईत एका नाटक कंपनीचा मुक्काम होता आणि रविवारी बायकामुलांसाठी दिवसाचा खेळ होता. कमळाबाईंनी तिकिटांची सोय केली, वर "नीट बसा हो, मध्ये बोलू नका" असंही बजावलं. ठाण्याला आगगाडी येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती, पण चांगुणा तिच्यात आजवर दोनदाच बसलेली. पहाटे बाळकुमहून निघून ठाण्याच्या स्टेशनापर्यंत चालत, गाडीने भायखळ्याला, तिथून विचारत विचारत ग्रँट रोडला. धाकू पुढे उड्या मारीत होती. चांगुणा मागून पाय ओढत होती आणि या कंपनीच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करीत होती.

थिएटरात बायकांची बसायची जागा वेगळी, वर माडीवर होती. पडदा वर गेला आणि धाकूच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. राजा गात होता, त्याच्या मनात भरलेली राजकन्या गात होती. ती राजकन्या म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या आहे हे चांगुणाने पहिल्या पावलालाच ओळखलं. पेटी वाजत होती, लोक तेच पद पुन्हा पुन्हा मागत होते. एक जण गेला की दुसरा यायचा आणि तोही गायचा. बसायला मऊ, हवा कोंदट, पहाटेपासूनची पायपीट. चांगुणाचे डोळे मिटले.

लग्नाच्या मांडवातही ती अशीच बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. रात्रभर विधी चालायचे. मध्येच कुणीतरी कोपर लावायचं, समोर अंतरपाट दिसायचा, आणि डोळे पुरते उघडायच्या आत तिच्या गळ्यातून धवला सुरू झालेला असायचा. सवयच तशी. आताही शेजारच्या बाईचा हात लागला. चांगुणाने डोळे उघडले. समोर अंतरपाट. एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी, अक्षता तयार, आणि एकही बाई गात नाही! देवांना कुणी बोलावलेलंच नाही!

ती उभी राहिली आणि तिने धवला घातला.

आवाज फुटलेला होता, पण मांडवाच्या टोकापर्यंत पोचवायची सवय जुनी होती. पेटीवाला थबकला. नवरदेव झालेला राजा अक्षता हातात घेऊन तसाच उभा. चांगुणाने सूर्याला बोलावलं, चंद्राला बोलावलं, आणि ती खाडीला बोलवायला लागली तेवढ्यात खालून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं थिएटरच हसू लागलं. "वन्समोअर, म्हातारे!" असंही कुणी ओरडलं. दारावरचा माणूस धावत आला, "ए बाई, खाली बस!" तेव्हा कुठे चांगुणाला आपण कुठे आहोत ते कळलं. ती मध्येच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिने घातलेला धवला अर्ध्यावर सुटला.

शेजारची एक जरीकाठाची बाई हसून हसून डोळे पुसत धाकूला म्हणाली, "कोण गं ही तुझी?"

धाकूने आजीकडे पाहिलं. तिचे स्वतःचे कान लाल झाले होते.

"कोन नाय," ती म्हणाली, आणि सरकून त्या बाईपाशी जाऊन बसली.

चांगुणाने ते ऐकलं. लोक हसले त्याचं तिला एवढं वाटलं नाही; लोक हसायलाच आले होते. पण हे दोन शब्द तिला लागले. उरलेलं नाटक तिने मांडीवरच्या हातांकडे बघत काढलं.

परतताना गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. धाकू खिडकीबाहेर बघत होती. ठाणं आल्यावर चांगुणा म्हणाली, "नको शिकू. मी काय सक्ती नाय करनार."

चांगुणाला वाटलं होतं की हे म्हटलं म्हणजे ओझं उतरेल. तसं काही झालं नाही, फक्त चालायचं आणखी जिवावर आलं. स्टेशन मागे पडलं, वस्ती संपली, दोन्हीकडे रिकामी शेतं लागली. दिवेलागण झाली होती. पोर आता रेंगाळत होती. एकदा तिने आजीच्या पदराचं टोक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"आजी."

"काय?"

"त्या राजाचं लगीन लागलं का नाय?"

"लागलं असंल. मना काय ठावं."

"पन तू खारीला बोलावलंस नं मधीच थांबलीस. गावदेवी रायली. नवऱ्याची आय रायली, मामा रायला. मंग लगीन कसं लागंल?"

चांगुणा चालता चालता थांबली. खाडीनंतर गावदेवी, मग आई, मग मामा: क्रम बरोबर होता. हा तिने पोरीला कधी सांगितला नव्हता.

"अगं बाय, ते खोटं लगीन. नाटकातलं."

"लगीन खोटं," धाकू रडकुंडीला येऊन म्हणाली, "धवला तं खरा व्हता नं!"

चांगुणाने बांधावर बूड टेकलं. डोळे भरून आले होते, पाय ठणकत होते, आणि घर अजून बरंच लांब होतं.

"बस हितं," ती म्हणाली. "गावदेवीपासून घे. माजा गला नाय चालत."

"मना पुरा येत नाय."

"येल तेवरा घे. चुकलीस तं मी हाय."